चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

1951 च्या जनगणनेत पाकिस्तान हा एकच देश होता, भारताच्या दोन बाजूंना दोन तुकडे असलेला. पूर्वेकडच्या तुकड्यात सव्वाचार कोटींच्या आसपास माणसं होती, पश्चिमेकडे साडेतीन कोटींहूनही कमी. आज पश्चिमेकडच्या पाकिस्तानात 24 कोटींवर लोक आहेत. पूर्वेकडचा तुकडा, म्हणजे बांगलादेश, 17 कोटींच्या घरात आहे. जिथे माणसं जास्त होती तिथे ती कमी कशी राहिली?

पहिल्यांदा मनात येतं ते मरणच. 1970 च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली, पुढच्याच वर्षी युद्ध झालं, 1974 ला दुष्काळ पडला. पण सात कोटींचा फरक यातून निघत नाही. खरी गोष्ट तर उलटीच आहे. आज बांगलादेशात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान 74 वर्षांच्या आसपास आहे, पाकिस्तानात 67 च्या. बांगलादेशात माणसं जास्त जगतात आणि मुलं कमी होतात. 1971 च्या सुमारास दोन्हीकडे एका बाईला सरासरी जवळपास सात मुलं होत. आता बांगलादेशात हा आकडा दोनच्या जरा वर आहे, पाकिस्तानात साडेतीनच्या आसपास.

श्रीमंतीमुळे हे झालं असं म्हणावं, तर तेही जमत नाही. 1971 मध्ये देश दुभंगण्याआधी पश्चिमेचं दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी जास्त होतं, आणि बांगलादेश पाकिस्तानच्या पुढे गेला तो अलीकडे. तोवर पाळणे लांबलेले होते आणि मुलं वाचू लागली होती. पैसा मागाहून आला.

मग आधी काय आलं? माझ्या मते, दारात येऊन बसणारी एक बाई.

पटकीत किंवा साध्या जुलाबात मूल मरतं ते अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेल्याने. नुसतं पाणी पाजलं तर ते आतड्यात ठरत नाही. पण आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे की तिथून मीठ साखरेचा हात धरूनच आत शिरतं, आणि मिठामागोमाग पाणी. पटकीचं विष बाकी सगळा गोंधळ घालतं, ही वाट मात्र शाबूत राहते! ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत 1968 साली डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी रुग्णांना मीठ-साखरेचं द्रावण तोंडाने पाजून शिरेतल्या सलाईनची गरज कितीतरी कमी करून दाखवली. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचं पाणी वाटलं. शेकडा तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं. आपल्याकडे हीच ती जलसंजीवनी.

औषध सापडलं, पण ते खेड्यातल्या आईपर्यंत जाणार कसं? फझले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने मीठ-साखरेच्या तयार पाकिटांचा नाद सोडला आणि घरात जे असतं तेच घेतलं. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. 1980 पासून दहा वर्षं बायकांचे जथे गावोगाव फिरले आणि सुमारे सव्वा कोटी घरांत आईच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने हे पाणी करवून घेतलं. शिकवणारीच्या पगाराची व्यवस्था मला फार आवडते. ती किती घरं फिरली यावर पैसे नव्हते. काही आठवड्यांनी दुसरंच कुणी येऊन निवडक घरांतल्या आईला दहा मुद्दे विचारी, पाणी करायला सांगी, त्याचा नमुना तपासायला नेई. आईला जेवढं आठवे, तेवढी शिकवणारीची कमाई. (अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, ज्यांचं घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातलं, यांनी 2013 मध्ये या मोहिमेवर सविस्तर लिहिलं आहे.)

जुलाबाने मूल जात नाही हे पटलं की पुढची गोष्ट, म्हणजे कमी मुलांवर थांबणं, सोपी होते. मतलब नावाच्या भागात 1977 पासून अर्ध्या गावांत कुटुंबनियोजनाची कार्यकर्ती पंधरवड्याला घरी येई, उरलेल्या अर्ध्यांत नेहमीची सरकारी सोय. पडद्यातल्या बाईला दवाखान्यात जाता येत नव्हतं, म्हणून दवाखानाच चुलीपाशी आला. पहिल्या अर्ध्यातला जन्मदर स्पष्टपणे खाली गेला आणि सरकारने धडा उचलला. नंतर मुलींना माध्यमिक शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, कपड्यांच्या कारखान्यांत लाखो मुली कमावत्या झाल्या.

पाकिस्तान हातावर हात ठेवून बसला नव्हता. 1994 मध्ये तिथेही ‘लेडी हेल्थ वर्कर’ योजना सुरू झाली आणि ती चांगली चालली. पण बंगालच्या मुलखात घराला घर लागून असतं, एका बाईला पायी एका दिवसात बरीच घरं करता येतात. बलुचिस्तान हा पाकिस्तानचा चव्वेचाळीस टक्के भूभाग आणि तिथे सुमारे सहा टक्के लोक. तिथे पुढचं घर कोसावर. याचा दोष कुणाला द्यायचा?

देशांची अशी तुलना ज्या मापाने होते तो मानव विकास निर्देशांक 1990 मध्ये आला. त्यामागचे महबूब उल हक हे पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री, आणि त्यांना साथ देणारे अमर्त्य सेन हे त्यांचे केंब्रिजचे मित्र, बालपणाचा काही काळ ढाक्यात गेलेले. 2025 च्या अहवालात बांगलादेश 130 व्या क्रमांकावर आहे (भारतही त्याच क्रमांकावर, गुणही तेच, 0.685), आणि हकसाहेबांचा देश 168 व्या.

या मापात न मावणारी एक गोष्ट मात्र आहे. बांगलादेशात जवळपास निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, पाकिस्तानात पाचांत एकीपेक्षाही कमी मुलींची. इतकी लवकर लग्नं होऊनही मुलं दोनच, हे लोकसंख्येच्या अभ्यासकांनाही कोड्यात टाकणारं आहे. आणि निर्देशांकात हा रकानाच नाही.