यांत्रिक हाताची निवड : किमतीआधी कामाचा विचार आवश्यक

जबलपूर येथे १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आणि १९६९ पासून लष्करी वाहनांचा कारखाना कार्यरत आहे. छावणीतील सदर बाजाराला लाभलेल्या या शहरासारख्या उद्योगनगरीत लहान कारखानदारांपुढेही आता यांत्रिक हात घ्यावा का, आणि घेतल्यास कोणता, हा प्रश्न उभा राहू शकतो.

यांत्रिक हातांचे मुख्यतः तीन प्रकार विचारात घेतले जातात. सहा सांध्यांचा हात कोणत्याही कोनातून वळू शकत असल्याने वेल्डिंग व रंगकामास सोयीचा ठरतो. जपानमधील यामानाशी विद्यापीठात १९७८ मध्ये विकसित झालेला ‘स्कारा’ हा प्रकार आडव्या पातळीत वेगाने फिरतो; त्यामुळे लहान सुटे भाग उचलून बसवण्यासाठी तो उपयुक्त आहे. तिसरा प्रकार ‘कोबॉट’, म्हणजेच माणसाच्या शेजारी काम करणारा सहयोगी हात. धक्का लागताच तो थांबतो, मात्र त्याचा वेग व भार उचलण्याची क्षमता तुलनेने कमी असते. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोने दुचाकींच्या जुळणीसाठी असे हात वापरले आहेत.

निवड करताना भाराचा हिशेब प्रथम करावा लागतो. तीन किलोचा भाग उचलायचा असेल आणि पकडीचे वजन अडीच किलो असेल, तर एकूण भार साडेपाच किलो होतो. पाच किलो क्षमतेचा हात तेथे अपुरा पडतो. त्यानंतर पोहोच आणि अचूकता पाहावी. माहितीपत्रकातील अचूकतेचा आकडा बहुधा हात त्याच बिंदूवर पुन्हा किती नेमका येतो, एवढेच सांगतो. सुटे भागच दर वेळी वेगळ्या जागी ठेवले गेले, तर या अचूकतेचा लाभ मिळत नाही.

हाताची किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. पकड, कुंपण, कार्यक्रम आखणी आणि कामगारांचे प्रशिक्षण यांचा खर्च वेगळा असतो.

सुरक्षिततेत काटकसर करणे जिवावर बेतू शकते. हरियाणातील मानेसर येथे ऑगस्ट २०१५ मध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रमानवाच्या आघाताने एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला. सरकलेला पत्रा नीट करण्यासाठी तो यंत्राजवळ गेला असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. म्हणूनच कुंपणाचे दार उघडताच हात थांबेल, अशी व्यवस्था असणे आवश्यक आहे. सहयोगी हाताच्या टोकाला धारदार अवजार असल्यास तोही आपोआप सुरक्षित ठरत नाही.

मागणी वारंवार बदलत असेल, तर सहज नवे काम शिकवता येणारा हात सोयीचा; एकच भाग वर्षानुवर्षे हजारोंच्या संख्येने बनवायचा असेल, तर कुंपणातील वेगवान हात अधिक किफायतशीर ठरतो. दिवसाकाठी मोजकेच नग बनत असल्यास मात्र कुशल कारागीर आणि एक चांगली पकड-चौकट यांवरच भागू शकते.