पुरणपोळीचं दीड किलो

होळीला पथ्य मोडतं. महिनाभर मोजूनमापून खाल्लेलं असतं, संध्याकाळची भजी परत पाठवलेली असतात, चहातली साखर बंद झालेली असते; आणि मग ताटात तुपाने निथळणारी पुरणपोळी येते. शेजारी कटाची आमटी, तळलेली कुरडई, पापड, आणि वाढणाऱ्या काकूंचं ते ‘अर्धीच घे गं’. अर्धीच्या दोन होतात, दोनाच्या चार. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा दीड किलो जास्त दाखवतो. महिनाभर जे उतरवलं ते एका जेवणात परत आलं, सगळं मुसळ केरात, असं वाटतं आणि बहुतेकांचं डाएट इथेच संपतं.

काटा बिघडलेला नसतो. दीड किलो खरंच वाढलेलं असतं. फक्त ते काय आहे, याबद्दल आपली समजूत चुकलेली असते.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. तूप घातलेली चांगली भरलेली पुरणपोळी ३२० कॅलरींची धरू (कुणाच्या घरची कमी, कुणाच्या घरची बरीच जास्त). म्हणजे अंगावर एक किलो चरबी चढवायची तर दिवसभराची गरज भागेल इतकं जेवून झाल्यावर वर आणखी दोन डझन पुरणपोळ्या खाव्या लागतील. दीड किलोसाठी तीन डझन. पैजेचे जेवणारे आपल्याकडे होऊन गेलेत, पण तुम्ही त्यांतले नसाल असं मी धरून चालतो.

मग हे आलं कुठून? त्यासाठी पॅरिसमधल्या एका यकृताकडे जायला हवं.

१८५५ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने नुकत्याच मेलेल्या कुत्र्याचं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली. यकृतात साखर सापडते हे त्याला आधीच ठाऊक होतं. पाणी सोडत सोडत त्याने ती सगळी धुऊन काढली. तपासलं, तर साखरेचा मागमूस नाही. यकृत तसंच ठेवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. साखर परत आलेली! ना रक्त, ना अन्न, प्राणी मेलेला, आणि धुतलेल्या मांसाच्या गोळ्यात रातोरात साखर तयार झालेली. याचा एकच अर्थ निघत होता. यकृतात साखरेचं काहीतरी मूळ द्रव्य दडलेलं असणार, पाण्याने सहज वाहून न जाणारं, आणि त्यातून साखर सुटत असणार. दोन वर्षांनी त्याने ते वेगळं काढून दाखवलं. तेच ग्लायकोजेन.

आपण खाल्लेली पोळी, भात, गूळ यांची शेवटी ग्लुकोज होते. लगेच लागत नाही ती ग्लुकोज शरीर साखळ्या जोडून ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम. रात्री आपण झोपेत असताना मेंदूला जी साखर मिळत राहते ती मुख्यतः या यकृतातल्या साठ्यातून. पण ग्लायकोजेन कोरडं राहत नाही. शाबुदाणा भिजवला की पाणी पिऊन फुगतो ना, तसं ग्लायकोजेनही पाणी धरून बसतं, आणि तेही स्वतःच्या सुमारे तिप्पट.

आता महिनाभर पथ्यात असलेल्या माणसाचा हिशेब मांडा. कमी खाण्यामुळे हा साठा बराच उतरलेला असतो. होळीच्या जेवणाने त्यात समजा २५० ग्रॅमची भर पडली. त्याच्याबरोबर ७५० ग्रॅम पाणी आलं. झालं एक किलो! यात चरबीचा एक कणही नाही.

पुढचं मिठाचं. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच, आणि शरीर तो जिवापाड सांभाळतं. जास्तीचं मीठ पोटात गेलं की ते पातळ ठेवण्यापुरतं पाणी अडवलं जातं. पापड, कुरडई, लोणचं, आमटी मिळून नेहमीपेक्षा तीन ग्रॅम मीठ जास्त गेलं असेल, तर त्यामागे पाऊण पेला नव्हे, चांगला तिसरा हिस्सा लिटर पाणी थांबतं. शिवाय गोडाच्या जेवणाने इन्शुलिन वाढलेलं असतं, आणि इन्शुलिनची एक कमी माहीत असलेली सवय अशी, की ते मूत्रपिंडांना मीठ सोडू नका असंही सांगतं. एक किलोवर ही तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची भर. उरलेलं म्हणजे चक्क आतड्यात वाटेवर असलेलं जेवण. ते बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात.

चरबी वाढते की नाही? वाढते, खोटं कशाला सांगू. तुपातला स्निग्धांश साठवायला शरीराला फारसे कष्ट पडत नाहीत. पण गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त गेल्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या चरबीत गेल्या असं धरलं, तरी हिशेब येतो १३० ग्रॅमचा. काट्यावरच्या दीड किलोत खऱ्या अर्थाने ‘वाढलेलं’ वजन एवढंच. बाकीचं तुम्ही नेहमीसारखं जेवू-फिरू लागलात की तीन-चार दिवसांत निघून जातं.

जाता जाता: ‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो घटवा’ अशा ज्या जाहिराती असतात, त्यातही बरंचसं हेच पाणी असतं, उलट्या दिशेने जाणारं. तेव्हा आपण पेढे वाटतो. तेच पाणी परत आलं की मात्र रडतो.

एका दिवसाचा अतिरेक शरीर किती शांतपणे पचवतं याची एक परीक्षा २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात १४ निरोगी तरुण पुरुषांना एकदा पोट भरेपर्यंत पिझ्झा खायला सांगितलं, आणि दुसऱ्या एका दिवशी आता एक घासही जाणार नाही अशी तडस लागेपर्यंत. दुसऱ्या खेपेला त्यांनी जवळपास दुप्पट खाल्लं, सरासरी ३,००० कॅलरींच्या आसपास. संशोधक पुढचे काही तास त्यांचं रक्त तपासत बसले. रक्तातली साखर किती वाढली? पोटभर जेवणानंतर वाढली होती तितकीच. दुप्पट खाऊन! रक्तातले स्निग्ध पदार्थ किंचित वाढले. इन्शुलिन मात्र सुमारे दीडपट झालं होतं, म्हणजे स्वादुपिंडाने जास्त काम अंगावर घेऊन साखर जागेवर ठेवली होती. हे तरुण, धडधाकट लोक होते आणि प्रकार एकदाच घडला होता, हे विसरायचं नाही. रोज असं केलं तर स्वादुपिंड किती काळ पुरं पडेल हा प्रश्न वेगळा. पण एका पंगतीपुरतं बोलायचं तर शरीराला आपल्यापेक्षा जास्त धीर आहे.

गडबड करतं ते मन. आणि ते कसं करतं हे शरीराच्या गोष्टीहूनही चमत्कारिक आहे.

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी काही विद्यार्थिनींना बोलावलं. काहींना मिल्कशेक दिलाच नाही, काहींना एक दिला, काहींना दोन. त्यानंतर आइस्क्रीमचे वेगवेगळे प्रकार पुढे ठेवले आणि सांगितलं, चव सांगा, हवं तेवढं खा. खरं तर मोजायचं होतं कोण किती खातं ते. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांचं वागणं सरळ होतं. मिल्कशेक प्यायला की आइस्क्रीम कमी. डाएट करणाऱ्यांचं उलटं निघालं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा आइस्क्रीम जास्त खाल्लं. पोट भरलेलं, तरी जास्त. आजचा दिवस तर गेलाच, मग होऊ दे खर्च! हर्मन आणि त्यांच्या सहकारी जेनेट पोलिव्ही यांनी पुढची कित्येक वर्षं याच वागण्याचा पिच्छा पुरवला.

त्यांचा २०१० मधला एक प्रयोग मला फार आवडतो. सगळ्यांना पिझ्झाचा एकसारखा तुकडा दिला. फक्त काहींना शेजारच्या ताटातला तुकडा असा दाखवला की आपल्या वाट्याला मोठा आला असं वाटावं. नंतर बिस्किटं पुढे केली. डाएट न करणाऱ्यांनी, आपण जास्त खाल्लं असं वाटल्यामुळे, हात आवरता घेतला. डाएटवाल्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली. म्हणजे पथ्य मोडायचीसुद्धा गरज नाही. मोडलं असं वाटलं तरी पुरतं, आणि पुढे ये रे माझ्या मागल्या.

आपल्याकडे डाएटचे दोन मोठे पंथ आहेत. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोड्या थोड्या वेळाने खात राहा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. त्यांच्या चाहत्यांचे वाद व्हॉट्सॲपवर अजून मिटलेले नाहीत. पण दोन्हीकडच्या माणसांचं पथ्य मोडलं की ती अगदी सारखी वागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारी पुरणपोळी झाली की संध्याकाळी वडापाव, रात्री उरलेल्या पोळ्या दुधात कुस्करून, आणि ‘आता सोमवारपासून’. कॅलरी मोजायचं एकक जेवण हे असायला हवं. आपण धरतो दिवस, आठवडा, कधी कधी थेट पाडव्यापर्यंतचा काळ. पहिल्या पोळ्यांनी जे केलं त्याहून जास्त नुकसान हा मधला रिकामा वेळ करतो.

सोमवारची ओढ मात्र अगदीच खोटी नाही. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आरंभी लोक इंटरनेटवर ‘डाएट’ जास्त शोधतात आणि व्यायामशाळेत जास्त जातात. नवा पाट मांडला की जुनं खरकटं मागच्या पंगतीत राहिलं असं वाटतं. घोटाळा एवढाच की मंगळवारी पथ्य मोडलं तर मधे सहा दिवस मोकळं रान मिळतं.

दुसरे काही जण उलट टोकाला जातात. दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास, सकाळी लिंबू-मध-गरम पाणी, ‘डिटॉक्स’. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम चोवीस तास फुकटात करत असतात. त्यांना लिंबाची मदत लागत नाही. आणि दिवसभर पोट मारलं की संध्याकाळी सात वाजता फरसाणाच्या डब्यासमोर जे होतं, ते आपल्या जुन्या लोकांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं. एकादशी आणि दुप्पट खाशी. त्यात उपास शाबुदाण्याच्या खिचडीचा असेल तर बघायलाच नको. शाबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, ग्लायकोजेनचा साठा भरायला याहून सोयीचं दुसरं काय असणार!

मग मोडलेल्या पथ्याचं करायचं काय? इथे २००७ मधला एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी काही तरुणींना डोनट खायला दिला. नंतर त्यांतल्या काहींशी दोन शब्द मायेने बोलले. असं सगळेच कधीतरी खातात, स्वतःवर फार रागावू नका, इतकंच. मग गोळ्या-चॉकलेटं पुढे ठेवली. एरवी खाण्याबाबत स्वतःला फार करकचून बांधून घेणाऱ्या ज्या मुली होत्या, त्यांनी ते दोन शब्द ऐकल्यावर कमी खाल्लं. स्वतःला सैल सोडलं तर माणूस बहकेल अशी आपल्याला भीती असते, आणि घडलं नेमकं उलट. आरशासमोर उभं राहून स्वतःला शिव्या घालण्याने एक ग्रॅमही उतरत नाही, उलट वाढायचीच शक्यता जास्त.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग एका दिवसाचं काहीच नसतं तर रोज होळी करू. तर अमेरिकेतलं आणखी एक मापन ऐका. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९५ प्रौढांची वजनं सणासुदीच्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, नोंदवली. सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो. किती थोडी! पण त्यांतल्या बहुतेकांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की ही वाढ उतरतच नाही, आणि वर्षाच्या एकूण वाढीचा मोठा हिस्सा याच काही आठवड्यांचा आहे. आपल्याकडे नागपंचमीच्या दिंडांपासून दिवाळीच्या फराळापर्यंत हा हंगाम त्याहून लांब चालतो. त्यातलं एकेक जेवण निरुपद्रवी असतं. फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत उघडेच राहतात, तिथे अंगावर चढतं.

तेव्हा पोळी खाल्ली असेल तर चवीने खाल्ली असं म्हणा आणि पुढचं जेवण नेहमीचं घ्या: पोळी-भाजी, आमटी, थोडा भात, ताक. जास्त नको, मुद्दाम कमीही नको. काट्यावर चार दिवसांनी चढा. आणि तुम्हाला मधुमेह असेल, इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कालच्या भरपाईसाठी आजचं जेवण टाळू नका आणि गोळीचा डोसही मनाने वाढवू नका. साखर एकदम खाली जाते आणि ते चार पुरणपोळ्यांपेक्षा कितीतरी धोक्याचं असतं. डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगा. त्यांच्या घरीही होळीला पुरणच शिजलेलं असतं.