अरुंधतीने घर सोडायला हवे होते का?

स्टार प्रवाह वाहिनीवर 23 डिसेंबर 2019 रोजी सुरू झालेली 'आई कुठे काय करते' ही मालिका 30 नोव्हेंबर 2024 रोजी संपली. या जवळजवळ पाच वर्षांत मराठी घराघरांत एका काल्पनिक कुटुंबावरून मनापासून भांडणे झाली. अरुंधती देशमुख ही गृहिणी, तिचा नवरा अनिरुद्ध, अभिषेक, यश आणि ईशा ही तीन मुले, सासू कांचन, सासरे अप्पा आणि अनिरुद्धच्या ऑफिसमधली संजना ही यातली मुख्य माणसे. लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावर नवऱ्याचे संजनाशी संबंध आहेत हे अरुंधतीला कळते, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. पुढे घटस्फोट, स्वतःच्या पायावर उभे राहणे, गाणे, दुसरे लग्न, दुसऱ्या नवऱ्याचा मृत्यू अशी वळणे येत गेली. प्रत्येक वळणावर प्रेक्षकांत दोन तट पडले.

पहिला आणि सर्वांत जुना वाद अरुंधतीच्या सोशिकपणाचा. नवऱ्याची लबाडी उघडी पडल्यावर तिने त्याच दिवशी घर सोडायला हवे होते, असे एका बाजूचे म्हणणे. मुलांची आयुष्ये, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची काळजी आणि हातात पैसा नाही, अशा बाईने निघून जावे म्हणणे सोपे आहे, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर. एकाच सोफ्यावर बसलेल्या सासू, सून आणि नात या तिघींची मते इथे तीन दिशांना जात. सासूला अरुंधतीत घर सांभाळणारी बाई दिसे, सुनेला हकनाक राबणारी, आणि नातीला 'आई कुठे काय करते' असे सहज बोलून जाणाऱ्या ईशाचा राग येई. या वादात कोणीही नुसते टीव्हीतल्या बाईबद्दल बोलत नव्हते. स्वतःच्या घरात ज्या गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत, त्या अरुंधतीच्या नावावर बोलता येत होत्या.

हा वाद भारतीय दूरदर्शनवर 35 वर्षे आधीच होऊन गेला होता. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेली 'हम लोग' ही भारतातली पहिली दीर्घ कौटुंबिक मालिका. मेक्सिकोतले निर्माते मिगेल साबिदो यांनी मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका काढल्या होत्या. तो नमुना समोर ठेवून मनोहर श्याम जोशी यांनी 'हम लोग' लिहिली. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. प्रेक्षकही गप्प बसले नाहीत. मालिका चालू असताना सुमारे 4 लाख पत्रे आली. मालिकेतली आई भागवंती दारुड्या नवऱ्याचे सगळे निमूट सोसते. सोसण्याने बाईचे भले होत नाही हे दाखवण्यासाठी ते पात्र योजलेले होते. पण या मालिकेचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांना उलटेच आढळले. भागवंतीलाच आदर्श मानणाऱ्या प्रेक्षकांची संख्या मोठी होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. लेखकाने पात्राला दिलेला अर्थ प्रेक्षक तसाच स्वीकारत नाहीत, याचा यापेक्षा ठळक पुरावा सापडणे कठीण.

'आई कुठे काय करते'चे मूळ बंगालीत आहे. लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमयी' ही मालिका जून 2019 मध्ये स्टार जलसा वाहिनीवर सुरू झाली. तिच्यावरून मराठी मालिका आली आणि जुलै 2020 पासून हिंदीत 'अनुपमा'. तमिळमध्ये 'बाक्यलक्ष्मी', तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी', मल्याळममध्ये 'कुडुंबविळक्कु' आणि कन्नडमध्येही हीच कथा आपापल्या वळणाने सांगितली गेली. त्यामुळे मराठी प्रेक्षकांच्या वादाला एक वेगळीच धार आली. बऱ्याच घरांत 'अनुपमा'ही पाहिली जायची. हिंदीत अनुपमाचे अनुज कपाडियाशी लग्न 2022 मध्ये लागले, तेव्हा मराठीत अरुंधती आणि आशुतोष केळकर यांचे काय होणार यावर पैजा लागल्या. अनुपमा जास्त ठसक्याने बोलते, अरुंधती जास्त खरी वाटते, असे मत मांडणारे पुष्कळ होते. उलट मताचेही कमी नव्हते. एकाच बीजातून उगवलेली दोन पात्रे शेजारी ठेवून तोलण्याचे हे काम साहित्याच्या वर्गात होते त्याच जातीचे आहे. ते रोज रात्री जेवणाच्या ताटावर होत होते, याचे कौतुक करायला हवे.

प्रेक्षकांच्या या वादांत संजनाचे पात्र फार महत्त्वाचे. सुरुवातीला ती सरळ खलनायिका होती. दुसऱ्याचा संसार मोडणारी बाई, एवढीच तिची ओळख. पण अनिरुद्धशी लग्न करून ती देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात राहायला आली आणि गोष्ट पालटली. ज्या घरात अरुंधती पंचवीस वर्षे राबली, त्या घरात आता संजनाचा अपमान होऊ लागला आणि अनिरुद्ध तिच्याशीही तसाच वागू लागला. मग प्रेक्षकांपुढे अवघड प्रश्न आला. संजनाला सहानुभूती द्यायची का? एका पक्षाने ठामपणे नकार दिला: पेरले ते उगवले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की दोन्ही बायकांच्या दुःखाचे कारण एकच माणूस आहे, आणि शिव्या मात्र संजनालाच पडतात. हा दुसरा युक्तिवाद मालिकेने संवादातून सांगितला त्याहून जास्त प्रेक्षकांनी आपापसांत घासून पक्का केला. मोठ्या मुलाने, म्हणजे डॉक्टर असलेल्या अभिषेकने, बायको अनघाला फसवले तेव्हा हाच वाद नव्याने पेटला. बापाच्या चुकीवर तुटून पडलेले काही प्रेक्षक मुलाला एक संधी द्या म्हणू लागले, आणि त्यांना घरातच धारेवर धरले गेले.

दुसऱ्या लग्नाचा वाद सर्वांत तिखट होता. आशुतोष हा कॉलेजच्या दिवसांपासून अरुंधतीवर अबोल प्रेम करणारा, सज्जन आणि सधन माणूस. घटस्फोटित बाईने पुन्हा लग्न करावे का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विधवाविवाहावरून एकोणिसाव्या शतकात इथे मोठी वादळे झाली. पण मुले मोठी झालेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या आईने प्रेमासाठी लग्न करणे अनेकांना पचत नव्हते. मालिकेत कांचनचा विरोध आणि अप्पांचा पाठिंबा दाखवला होता आणि प्रेक्षकही नेमके याच रेषेवर विभागले. ज्येष्ठ नागरिक सगळे विरोधात आणि तरुण सगळे बाजूने, अशी सोपी वाटणी मात्र झाली नाही. स्वतःच्या आईचे दुसरे लग्न या कल्पनेने अस्वस्थ होणारी तरुण मुले होती, आणि आपल्याला जमले नाही ते हिने तरी करावे म्हणणाऱ्या साठीच्या बायकाही होत्या. हे लग्न लागले, आणि 2024 मध्ये आशुतोषच्या मृत्यूने ते संपले. त्यावर प्रेक्षक चिडले, आणि तो राग रास्त होता. एका बाईला एवढ्या वाटा तुडवून मिळालेले सुख कथेची पुढची सोय म्हणून काढून घेतले, असे त्यांचे म्हणणे होते.

इथे वादाची जात बदलते. आधीचे प्रश्न पात्रांना विचारलेले होते: ती अशी का वागली, त्याने असे का केले. आशुतोषच्या मृत्यूनंतरचा प्रश्न लेखकाला आणि वाहिनीला विचारलेला होता. नियमित प्रेक्षक या दोन्ही पातळ्यांवर एकाच वाक्यात ये-जा करतात. 'अनिरुद्ध नालायक आहे, पण मिलिंद गवळी काम काय करतात!' असे अनिरुद्ध साकारणाऱ्या नटाबद्दल म्हणणाऱ्या माणसाला खरे आणि नाटक यांतला फरक कळत नाही, असे कोण म्हणेल? मालिका पाहणारे भाबडे असतात हा समज निराधार आहे. इएन आंग या अभ्यासक स्त्रीने नेदरलँड्समध्ये 'डॅलस' या अमेरिकी मालिकेबद्दल एका मासिकातून प्रेक्षकांची मते मागवली. आलेल्या 42 पत्रांवर तिने 1980 च्या दशकात पुस्तक लिहिले. टेक्ससमधल्या तेलसम्राटांचे ते जग खोटे आहे हे पत्रलेखकांना माहीत होते. भांडणे, मत्सर, विश्वासघात यांतल्या भावना मात्र त्यांना खऱ्या वाटत. मराठी प्रेक्षकाचेही असेच आहे. घरातही जरीच्या साड्या नेसून झोपणाऱ्या बायकांना तो हसतो आणि त्याच भागात डोळेही पुसतो.

दैनंदिन मालिकेची घडणच अशी आहे की वाद व्हावा. अमेरिकेत 1930 च्या दशकात साबण कंपन्यांच्या पैशावर रेडिओवर सुरू झालेला हा प्रकार. त्यातली 'गायडिंग लाइट' ही मालिका 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि टीव्हीवर 2009 पर्यंत चालली. चित्रपटाला शेवट असतो, म्हणून त्याचा निकाल लागतो. मालिकेत निकाल रोज पुढे ढकलला जातो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता बावीसेक मिनिटांची गोष्ट असते आणि ती अशा जागी तुटते की उरलेले साडेतेवीस तास अंदाज बांधण्यात जावेत. कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसे लिहितात. 'आई कुठे काय करते'ची पटकथा नमिता वर्तक यांची, संवाद मुग्धा गोडबोले यांचे आणि दिग्दर्शन रवींद्र करमरकर यांचे. भाग प्रसारणाच्या थोडेच दिवस आधी चित्रित होतात, त्यामुळे लोकांना काय रुचते याचा सुगावा लागताच कथा वळवता येते.

हा सुगावा दर आठवड्याच्या टीआरपीतून लागतो. बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात, आणि मालिकेचा एखादा 'ट्रॅक' लांबणार की गुंडाळला जाणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. आकडा किती लोकांनी मालिका पाहिली याचा अंदाज तेवढा देतो. लोक रागाने पाहत होते की आवडीने, हे त्यात दिसत नाही. अनेक नियमित प्रेक्षकांची तक्रार नेमकी हीच असते: 'आम्ही शिव्या घालत पाहतो आणि त्यांना वाटते आम्हाला आवडते आहे.' मालिकेत पाणी घालणे हा शब्दप्रयोग आता प्रत्येकाच्या तोंडी आहे. 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की ते महाराष्ट्रभर विनोदाचा विषय झाले.

कथेच्या सुसंगतीबद्दल प्रेक्षक लेखकांपेक्षा जास्त दक्ष असतात. झी मराठीवरच्या 'तुला पाहते रे' (2018-19) मध्ये विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर यांच्या वयातल्या अंतरावर आधी वाद झाला. त्या जोडीची सवय होते न होते तोच विक्रांतचा खरा चेहरा खुन्याचा निघाला. विक्रांत साकारणाऱ्या सुबोध भावे यांच्यासाठी मालिका पाहणाऱ्यांपैकी अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. सुरुवातीपासून खुणा पेरलेल्या होत्या असे म्हणणारेही होते आणि ते जुने प्रसंग मोजून दाखवत. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये आली तेव्हा कोकणाला भुताखेतांचा मुलूख म्हणून दाखवल्याबद्दल तिथून आक्षेप आले. तरी तिच्या पहिल्या पर्वात सुरुवातीलाच मेलेल्या अण्णा नाईकांचे कुतूहल एवढे होते की 2019 च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे नेऊन अण्णा आणि शेवंता यांनाच मध्यभागी आणले गेले.

पडद्यावरचा वाद थेट राजकारणापर्यंत गेल्याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर 1960 पासून चालू असलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' मध्ये 1998 मध्ये डिअर्ड्री या निर्दोष बाईला एका भामट्याच्या गुन्ह्यापायी तुरुंगवास झाला. वर्तमानपत्रांनी तिच्या सुटकेची मोहीम उघडली आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तीत सूर मिसळला. मालिकेत ती सुटली.

मालिकांवरच्या या वादांची एक बाजू मात्र चुकीची आहे आणि ती तशी म्हटलीच पाहिजे. पात्रावरचा राग कलाकारावर काढणे. निळू फुले यांच्या खलनायकीमुळे बायका त्यांना प्रत्यक्षातही घाबरत, हे मराठी रसिकांना ठाऊक आहे. ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होती, कारण तेव्हा शिवी घरबसल्या कलाकारापर्यंत पोहोचत नसे. आज अनिरुद्ध किंवा संजना साकारणाऱ्या कलाकारांच्या फोनवर, त्यांच्या कुटुंबाच्या फोटोखाली घाण शब्द लिहिले जातात. संजनाची भूमिका आधी दीपाली पानसरे आणि नंतर रुपाली भोसले यांनी केली. चेहरा बदलला तरी शिव्या तशाच चालू राहिल्या, यावरून त्या कोणाला उद्देशून होत्या ते कळते. पात्राला कितीही बोलावे. त्यासाठीच ते लिहिलेले असते. माणसाला बोलू नये.

'हम लोग'ची पत्रे अभ्यासली गेली म्हणून 1980 च्या दशकातली भारतीय कुटुंबे आई, नवरा आणि सोसणे याबद्दल काय विचार करत होती हे आज कळते. अरुंधती, संजना आणि विक्रांत यांच्यावरून महाराष्ट्रात झालेला वाद त्याहून मोठा आहे, पण तो बोलण्यात आणि फोनवरच्या संदेशांत विखुरलेला आहे आणि लवकर पुसला जाईल. विद्यापीठांतल्या मराठी आणि समाजशास्त्राच्या विभागांनी मालिका पाहणाऱ्या घरांमध्ये जाऊन, तीन पिढ्यांना समोरासमोर बसवून, ही मते नोंदवून ठेवावीत. ज्यांनी 'आई कुठे काय करते' पहिल्या भागापासून पाहिली त्या आज्या अजून आहेत, आणि त्यांना सगळे प्रसंग तोंडपाठ आहेत.