कमांड प्रॉम्प्ट म्हणतो ‘ओळखत नाही’? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



दिवाळीच्या तोंडावर आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. फराळाचा व्यवसाय, ऑर्डरी भरपूर, आणि लेबल प्रिंटर बंद. म्हणजे प्रिंटर चालू होता, पण कॉम्प्युटरला तो सापडत नव्हता. प्रिंटरवाल्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘काळी विंडो उघडा आणि आयपीकॉन्फिग टाका.’ ताईंनी टाकलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, आणि त्याचा अर्थ साधारण असा: ‘आयपीकॉन्फिग’ ही आतली किंवा बाहेरची कमांड म्हणून ओळखता येत नाही, चालवता येईल असा प्रोग्रॅम नाही, बॅच फाइलही नाही.

गल्लीतल्या रिपेअरवाल्याचं निदान एका मिनिटात तयार होतं. ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ त्या कॉम्प्युटरवर तीन वर्षांची बिलं आणि गिऱ्हाइकांची सगळी उधारी होती. बॅकअप? नव्हता. (बॅकअपवर वेगळा व्हिडिओ आहे, तो बघाच.)

ताईंना म्हटलं, थांबा. विंडोज उडालेलं नाही.

आधी हा मेसेज काय सांगतो ते समजून घेऊ. तुमच्या किराणा दुकानात एक नवीन पोऱ्या कामाला आलाय असं धरा. काही वस्तू काउंटरवरच आहेत, त्या तो हात लांब करून देतो. बाकीचा माल मागे गोडाऊनमध्ये. कुठल्या कुठल्या खोलीत शोधायचं, याची एक चिठ्ठी तुम्ही त्याच्या खिशात ठेवलीय. तूरडाळ मागितली की तो चिठ्ठीतल्या खोल्या क्रमाने बघतो. चिठ्ठीच हरवली तर तो सरळ सांगतो, ‘शेठ, असला माल आपल्याकडे नाही.’ डाळीची पोती आत तशीच रचलेली असतात बरं का.

विंडोजमधल्या या चिठ्ठीचं नाव पाथ. डिर, सीडी, इको, कॉपी या कमांड काउंटरवरच्या. त्या कमांड प्रॉम्प्टच्या पोटातच असतात. पिंग, आयपीकॉन्फिग, टास्कलिस्ट हे मात्र वेगळे प्रोग्रॅम. ते सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. पाथमधून सिस्टिम३२ गायब झालं की हे सगळे एकदम ‘अनोळखी’ होतात.

(कमांडची नावं मी इथे मराठीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची, व्हिडिओत स्क्रीनवर दिसतीलच.)

पण पाथला हात लावण्याआधी मेसेज नीट वाचा. अवतरण चिन्हात जो शब्द दिसतो तोच त्याला कळलेला नाही. माझा अनुभव असा की निम्म्या केसेस इथेच सुटतात. तिथे फक्त ‘आयपी’ दिसतंय? म्हणजे तुम्ही आयपी आणि कॉन्फिगच्या मध्ये स्पेस दिली. ‘सी:\प्रोग्रॅम’ एवढंच दिसतंय? प्रोग्रॅम फाइल्स या नावात मध्ये स्पेस आहे, तिथे तो तुटला; पूर्ण पत्ता डबल अवतरण चिन्हात टाका. ‘एलएस’ किंवा ‘आयएफकॉन्फिग’ दिसतंय? त्या लिनक्सच्या कमांड आहेत, कुठल्यातरी व्हिडिओतून आलेल्या. विंडोजमध्ये त्यांच्या जागी डिर आणि आयपीकॉन्फिग. आणि व्हॉट्सॲपवरून ओळ कॉपी करताना सुरुवातीचं ‘सी:\’ आणि बाणाचं चिन्हही सोबत आलं असेल, तर दोष विंडोजचा नाही.

स्पेलिंग बरोबर आहे? मग छोटी परीक्षा घ्या. डिर टाइप करून एंटर. मग पिंग टाइप करून एंटर. डिर चाललं आणि पिंग ‘अनोळखी’ निघालं, तर चिठ्ठी बिघडलीय असं समजा. खात्रीसाठी पूर्ण पत्ता देऊन बघा: सी:\विंडोज\सिस्टिम३२\आयपीकॉन्फिग. ताईंच्या कॉम्प्युटरवर हे चाललं! सगळी माहिती धडाधड आली. म्हणजे माल गोडाऊनमध्येच होता. प्रिंटरचं काम तर तेवढ्यावर पुढे गेलंसुद्धा, कारण पिंगही असाच पूर्ण पत्ता देऊन चालतो.

मग चिठ्ठी बघायची. इको, एक स्पेस, आणि पाथ हा शब्द दोन टक्के चिन्हांच्या मध्ये: इको %पाथ%. सेमीकोलनने तोडलेली फोल्डरांची लांब यादी यायला हवी. ताईंच्या यादीत होतं एकच फोल्डर, एफएफएमपेगचं. भाच्याने रील कापायला ते टाकलं होतं आणि ‘पाथमध्ये ॲड करा’ म्हणून कुठूनतरी सेटएक्सची एक ओळ आणून ॲडमिन मोडमध्ये चिकटवली होती. त्या ओळीने यादीत भर घातली नाही, आख्खी यादीच पुसून नवीन लिहिली. पोराचा हेतू चांगला होता, पण सेटएक्स हे दुधारी हत्यार आहे. जुनी यादी सोबत जोडून दिली तरी ते १०२४ अक्षरांनंतरचं सगळं कापून टाकतं. मी स्वतः पाथसाठी ते वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

दुरुस्ती माउसनेच करायची. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज. खालचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बटण दाबा. दोन चौकटी दिसतील. वरची तुमच्या युजरची, खालची सगळ्या सिस्टिमची. खालच्या चौकटीत पाथ निवडा, एडिट, मग न्यू. एकेका ओळीत एकेक फोल्डर भरा:

सी:\विंडोज\सिस्टिम३२
सी:\विंडोज
सी:\विंडोज\सिस्टिम३२\डब्ल्यूबेम
सी:\विंडोज\सिस्टिम३२\विंडोजपॉवरशेल\व्ही१.०

आधीची नोंद पुसायची नाही, ती राहू दे. कधीकधी यादीऐवजी एकच लांब ओळ उघडते. तिथे शेवटी जाऊन सेमीकोलन टाकून पुढे लिहायचं. सगळं सिलेक्ट झालेलं असताना पेस्ट केलंत तर भाच्याचीच गोष्ट पुन्हा. तिन्ही खिडक्या ओके म्हणून बंद करा.

आता सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: जुनी काळी विंडो तशीच उघडी ठेवतात, कमांड टाकतात, तोच मेसेज येतो आणि म्हणतात ‘सर, काही झालं नाही.’ ती विंडो उघडताना जी चिठ्ठी मिळाली तीच घेऊन बसलेली असते. बंद करा, नवीन उघडा.

पूर्ण पत्ता देऊनही आयपीकॉन्फिग चाललं नाही तर मात्र फाइलच खराब किंवा गायब असू शकते. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा आणि सी:\विंडोज\सिस्टिम३२\एसएफसी, स्पेस, /स्कॅननाऊ. वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. फॉरमॅटचा विचार याच्याही नंतरचा.

आणि फक्त पायथनसारखा एखादा नवीन प्रोग्रॅमच ओळखला जात नसेल, बाकी सगळं ठीक असेल, तर एकतर तो इन्स्टॉल झालेला नाही किंवा त्याचं फोल्डर पाथमध्ये नाही. पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच स्क्रीनवर पाथमध्ये ॲड करायची टिक असते, घाईत ती राहून जाते.

ताईंची लेबलं त्याच संध्याकाळी छापली गेली. रिपेअरवाल्याला त्यांनी व्हिजिटचे पैसे दिले, फॉरमॅटचे वाचले. जाता जाता त्यांच्याकडून एक काम करून घेतलं, तुम्हीही आज करून ठेवा: पाथ दुरुस्त असताना इको %पाथ% > डी:\पाथ.टीएक्सटी ही ओळ चालवा. डी ड्राइव्ह नसेल तर पेनड्राइव्हचं अक्षर टाका. यादीची नक्कल फाइलमध्ये राहते, आणि पुढच्या वेळी भाचा आला तरी ती समोर ठेवून दहा मिनिटांत सगळं परत भरता येतं.