क्षितिजालगतचे आकाश

अंबाबाईच्या किरणोत्सवाची कोल्हापूर वर्षातून दोनदा वाट पाहते. परंपरेने 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा आणि चांदीचा उंबरा पार करून गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांवरून वर सरकू लागतात. देवळात जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आज किरणे कुठवर पोहोचली? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमीही तीच असते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि जे दिसले त्याची नोंद याला खगोलशास्त्रात निरीक्षण म्हणतात. आकाशनिरीक्षण मंडळे रात्रभर जागून हेच करतात.

या सोहळ्यामागचे गणित समजले की कोल्हापूरच्या आकाशाची खरी श्रीमंती कुठे आहे तेही समजते.

सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो ते फक्त विषुवदिनांच्या सुमारास. किरणोत्सवाच्या तारखांना तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे 17 अंश दक्षिणेला असतो. 16.7 अंश उत्तर अक्षांशावरच्या कोल्हापुरातून पाहिले तर त्या दिवसांत तो पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. 21 डिसेंबरच्या सुमारास त्याचा दक्षिणेकडचा प्रवास संपतो. त्याआधी साधारण 41 दिवस आणि त्यानंतर जवळपास तितक्याच दिवसांनी मावळतीची जागा एकच येते, म्हणून उत्सव दोनदा. ही जागा रोज सुमारे 0.3 अंशाने सरकते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण शंभर मीटर लांबीच्या वाटेवर त्याचा अर्धा मीटर होतो. म्हणून उत्सव मोजक्या दिवसांचा.

किरणे वर का चढतात? सूर्य खाली जातो तसतशी त्याची किरणे अधिकाधिक आडवी होतात. मुखापर्यंत प्रकाश पोहोचायचा तर सूर्य अगदी क्षितिजाला टेकेपर्यंत दिसत राहायला हवा. इथेच गोष्ट नाजूक होते. मूर्तीच्या पातळीपेक्षा दहा मीटर उंच असलेली इमारत तीनशे मीटरवर उभी राहिली, तर ती जवळजवळ दोन अंश आकाश झाकते. सूर्याला हे दोन अंश उतरायला कोल्हापुरात जेमतेम नऊ मिनिटे लागतात, आणि उत्सवाचा जीव त्याच नऊ मिनिटांत असतो. शिवाय क्षितिजावरचा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे 38 पट हवा कापून येतो. धूळ, धूर, बाष्प या प्रत्येकाचा त्यात वाटा. मावळतीच्या वाटेतल्या इमारती आणि ढगाळ, धुरकट हवा यांची चर्चा दर उत्सवात होते, ती याच कारणाने.

आता हाच हिशेब रात्रीच्या आकाशाला लावू. हात लांब करून मूठ वळली की ती साधारण दहा अंश आकाश झाकते. कोल्हापुरात ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम पावणेदोन मुठी वर दिसतो. उत्तरेचे आकाश जितके खाली, तितके दक्षिणेचे वर. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला पाहा. व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून दोन मुठींवर अगस्ती तळपत असतो. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी तो हाच. एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाला त्रिशंकू दक्षिणेला सरळ उभा राहतो. त्याचा तळाचा तारा क्षितिजापासून फक्त एक मूठ वर. दिल्लीतून हा तारा क्षितिजावर येतच नाही. त्यानंतर तासाभराने नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ अडीच मुठी उंचीवर येतो. काळोख्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखा दिसतो, साध्या द्विनेत्रीतून मात्र त्याचा गोल आकार कळतो. आणखी तासाभराने येतो आल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला मित्र. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळची ही तारकामालिका, अंतर 4.4 प्रकाशवर्षे.

म्हणजे कोल्हापूरचा खजिना क्षितिजालगत आहे, आणि शहर वाढते तेव्हा आकाशाचा हाच भाग सर्वांत आधी हरवतो.

म्हणूनच हौशी निरीक्षक शहराबाहेर पडतात. पुण्यात 22 ऑगस्ट 1944 रोजी स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने 1985 मध्ये मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले आणि मुंबईबाहेरच्या वांगणी गावातल्या रात्रभराच्या आकाशदर्शनाने कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा खरा काळोख दाखवला. कोल्हापूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटरवर, शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्रही तिथेच. पुढे मसाई पठाराचे मोकळे आकाश. मात्र पन्हाळ्यावरून शहराचा उजेड आग्नेयेला येतो, आणि दक्षिणेकडचे तारे तिकडूनच उगवतात. त्रिशंकू नीट पाहायचा तर शहर पाठीशी ठेवून राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला जावे.

अशा रात्रीची शिस्त ठरलेली असते. अमावास्येच्या जवळचा शनिवार, उजेड असतानाच जागेवर पोहोचायचे, सतरंज्या अंथरायच्या, टॉर्चला लाल जिलेटीन लावायचे. मोबाइल खिशात गेला की डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एकदा कोणी पांढरा दिवा लावला की सगळ्यांची मेहनत वाया. थंडीत पहाटे भिंगावर दंव धरते, म्हणून दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी बसवतात. मध्यरात्री चहा आणि भडंग. आणि कोणाच्या तरी मांडीवर वही असते, कारण वेळ घालून केलेली नोंद हीच या छंदाची खरी कमाई. उल्का मोजणारे, बदलत्या तेजाच्या ताऱ्यांची प्रत टिपणारे हौशी निरीक्षक आपल्या नोंदी जगभरच्या संशोधकांना पुरवतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या या जन्मगावात अशा वह्या शाळाशाळांतून असायला हव्यात.

सुरुवात घराच्या गच्चीवरूनही होते. मृग नक्षत्राच्या चौकोनात आज किती तारे दिसतात ते हिवाळ्यातल्या प्रत्येक अमावास्येला मोजा आणि लिहून ठेवा. कोनमापकाला दोरा आणि ओळंबा बांधून गच्चीवरून पश्चिम आणि दक्षिण क्षितिज किती अंश झाकले गेले आहे तेही मोजा. दहा शाळांनी दहा ठिकाणांहून हे केले, तर शहराच्या आकाशाचा पहिला नकाशा तयार होईल.

उजेडाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. धूर आणि सांडपाणी यांचे प्रदूषण निस्तरायला वर्षे लागतात, उजेडाचे तसे नाही. दिव्याचे तोंड खाली वळवले, त्याला झाकण बसवले, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश वापरला की त्याच रात्री फरक पडतो. रस्त्याला उजेड पुरतो आणि वीजही वाचते. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आसपासच्या गावांतले दिवे बदलून दाखवले आणि जानेवारी 2024 मध्ये त्याला देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. राधानगरी अभयारण्यासाठी असा प्रयत्न का होऊ नये? रात्रीचा काळोख गव्यांना हवा, काजव्यांना हवा आणि आपल्यालाही.

किरणोत्सवासाठी मावळतीची वाट मोकळी ठेवा, ही मागणी कोल्हापूरने हक्काने केली आहे. तोच हक्क दक्षिणेच्या क्षितिजावरही सांगायला हवा. महापालिकेच्या दिव्यांच्या प्रत्येक नव्या निविदेत झाकणाची अट घाला, असा आग्रह खगोलप्रेमींनी, शाळांनी आणि मंडळांनी एकत्र येऊन धरावा.