डोक्याला टाय, हातात टोपली

जपानमध्ये नोकरीचा पहिला दिवस सगळ्यांचा एकच असतो, १ एप्रिल. मार्चमध्ये पदवी हातात पडलेल्या मुलामुलींना बहुतेक मोठ्या कंपन्या याच तारखेला एकगठ्ठा कामावर घेतात. काळे सूट घालून ती रांगेत बसतात, अध्यक्षांचं भाषण ऐकतात. त्यानंतर काही दिवसांनी विभागाची स्वागत पार्टी होते आणि पुष्कळांना खरा घाम तिथेच फुटतो. इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणंही मिळणाऱ्या तिथल्या घरगुती थाटाच्या हॉटेलात, बैठ्या टेबलांभोवती सगळे जमतात. दारापासून सर्वांत लांबची जागा साहेबांची, दाराजवळची नवख्यांची. 'कानपाई!' म्हणून पेले उंचावले जातात. तासाभरात वातावरण सैलावतं आणि मग कुणीतरी ज्येष्ठ नव्या पोराकडे वळून म्हणतो, "काय येतं तुला? करून दाखव!"

या फर्माइशीवर जे सादर होतं त्याला जपानीत 'एन्काईगेई' म्हणतात, पार्टीत दाखवायची कला. एका झटक्यात हशा पिकवणारी छोटी करामत असेल तर ती 'इप्पात्सुगेई'. नव्या नोकरदारांसाठी अशा करामतींची पुस्तकं निघाली आणि दुकानांत सामानाचे स्वतंत्र कप्पे आले. 'डॉन किहोते' या दुकानांच्या साखळीत टकलाचे टोप, सामुराईच्या शेंड्या, घोड्याचे मुखवटे आणि 'आजचा नायक' असं लिहिलेले खांद्यावरून घ्यायचे पट्टे सहज मिळतात.

मुळात एवढ्या शिस्तीच्या ऑफिसांना असली सोंगं लागतात कशाला? जपानी समाज उभ्या उतरंडीवर उभा आहे, असं मानववंशशास्त्रज्ञ चिए नाकाने यांनी १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडलं. ऑफिसात ही उतरंड क्षणोक्षणी जाणवते. कोणी कोणाला किती वाकून नमस्कार करायचा, बीअर आधी कोणाच्या पेल्यात ओतायची, सगळं ठरलेलं. अशा ठिकाणी नवखा महिनोन् महिने बिनचेहऱ्याचा राहू शकतो. पण तीन मिनिटांची फजिती त्याने हसतमुखाने करून दाखवली, की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीन मजल्यांवरचे लोक त्याला नावाने हाक मारतात.

दर्जा घटकाभर बाजूला ठेवण्याची चालही जुनीच. 'बुरेइको' हा शब्द आज पार्टीत 'मानपान सोडून मोकळे व्हा' अशा अर्थाने उच्चारला जातो. चौदाव्या शतकातल्या घडामोडी सांगणाऱ्या 'ताइहेइकी' या ग्रंथात सम्राट गो-दाइगो याच्या गोटातल्या अशाच बैठकांचं वर्णन आहे. तिथे मानाच्या टोप्या उतरवून मद्यपान चाले आणि त्याआडून कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध कट शिजत होता. त्याहून मागे जायचं तर इ. स. ७१२ च्या 'कोजिकी'त सूर्यदेवता आमातेरासू रुसून गुहेत बसते, जग अंधारात बुडतं, तेव्हा आमे-नो-उझुमे ही देवी उपड्या पिंपावर बेभान नाचते. जमलेले देव खदाखदा हसतात आणि हशा कसला म्हणून आमातेरासू डोकावते. पार्टीत हसवणाऱ्यांनी एवढी थोर पूर्वज सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष करामतींकडे वळू. 'निनिनबाओरी' हा त्यातला हुकमी एक्का. हाओरी म्हणजे किमोनोवरचा सैल अंगरखा. एकाच हाओरीत दोघे शिरतात. पुढच्याचं फक्त डोकं बाहेर राहतं, हात आत दडलेले. मागचा त्याच्या पाठीशी लपतो आणि बाह्यांतून आपले हात बाहेर काढतो. समोर नूडल्सचा वाडगा. मागच्याला काही दिसत नाही, पुढच्याला हात नाहीत. "वर, अजून वर, डावीकडे!" असं पुढचा ओरडतो. चॉपस्टिक्स वाडगा चाचपतात, नूडल्स उचलल्या जातात आणि नाकाला, गालाला, भुवईला भेट देत अखेर तोंडात पडतात. जोडीला केकवरचं क्रीम किंवा लिपस्टिक असली की बघायलाच नको. या खेळाला पाठांतर लागत नाही आणि जो जितका अवघडतो तितका तो जास्त हसवतो. विभागप्रमुख पुढे आणि नवखा मागे अशी जोडी जमली तर खोली डोक्यावर घेतली जाते, कारण साहेबाच्या तोंडात काय जाणार हे त्या रात्री नवख्याच्या हाती असतं.

दुसरी करामत शिमाने प्रांतातल्या यासुगी या बंदराच्या गावची. तिथल्या 'यासुगीबुशी' या लोकगीतावर 'दोजोसुकुई' नावाचा नाच होतो. दोजो हा चिखलात राहणारा, बोटाएवढा, अतिशय निसरडा मासा. नाचणारा डोक्याला पंचा बांधतो, नाकावर दोऱ्याने नाणं अडकवतो, कमरेला मासे ठेवायची बुट्टी लटकवतो आणि बांबूची टोपली घेऊन कमरेत वाकून सरकत येतो. पाण्यात निरखून पाहतो, टोपली खुपसतो, मासा हातातून सटकतो, पुन्हा धरतो. पायाला जळू लागल्याचाही अभिनय असतो. तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत, वातानाबे ओइतो या गायिकेने यासुगीबुशी गावोगाव नेलं आणि टोकियोच्या आसाकुसातही ते गाजलं. पुढे ते ऑफिसच्या पार्टीत येऊन बसलं. मात्र यासुगीत ही चेष्टा नाही. तिथे खास नाट्यगृह आहे, स्पर्धा होतात, कलावंतांना श्रेणी मिळते. गुडघे वाकलेले ठेवून खांदे न हलवता सरकणं किती अवघड, हे करून पाहिलं की कळतं.

टाय डोक्याला बांधून पोटावर चेहरा रंगवायचा आणि पोट हलवून त्या चेहऱ्याला हसवायचं, ही तिसरी हातखंडा चीज. होक्काइदो बेटाच्या मध्यावर वसलेल्या फुरानो शहरात तर १९६९ पासून दर जुलैत बेंबीचा उत्सव भरतो आणि रंगवलेल्या पोटांची मिरवणूक निघते.

याखेरीज हातचलाखीचे प्रकार आहेत. बांबूच्या बारीक काड्यांचा पडदा झटक्यात उलगडून त्याचा गळ, पूल, झेंडा, विलोचं झाड करून दाखवायचं, तेही तालात बोलत, ही 'नानकिन तामासुदारे'. भांडी न पाडता टेबलक्लॉथ ओढणं हा शुद्ध जडत्वाचा प्रयोग. कापड गुळगुळीत आणि बिनशिवणीच्या कडेचं हवं, भांडी जड बुडाची हवीत आणि झटका खालच्या दिशेने द्यायचा. कापड जरा वर उचललं गेलं की बशा गेल्याच. फुजी टेलिव्हिजनच्या नववर्षाच्या कार्यक्रमात कलाकार आपल्या पेशाबाहेरची कला कसून शिकून दाखवत. १९६४ ते २०१० चाललेल्या या कार्यक्रमात गायक-अभिनेता साकाई मासाआकीने टेबलक्लॉथ ओढून सारा देश अवाक केला होता.

पुढे टीव्ही आणि यूट्यूबवरची फॅशन थेट पार्टीत उतरू लागली. २०१६ मध्ये पिकोतारो या पात्राचं पेन आणि सफरचंदाचं गाणं जगभर गाजलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत शिरलेलं तोवरचं सर्वांत छोटं गाणं म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद झाली, लांबी अवघी ४५ सेकंद. पाठ करायला सोपं, खर्च शून्य. त्या डिसेंबरात पार्टीसाठी याहून सोयीचं काही नव्हतं. २०१७ मध्ये ब्लूझोन चिएमी या विनोदी कलावतीचं रुबाबदार करिअरवालीचं सोंग आलं. मधोमध एक मुलगी, दोन बाजूंना दोन मुलगे. ऑफिसातल्या तिघांना अगदी बेतलेलं.

या हशामागे दडपणही होतं, हे ठामपणे सांगायला हवं. 'करून दाखव' ही विनंती की हुकूम, हे नवखा विचारू शकत नाही. कपडे उतरवायला लावणं, एका दमात पेला रिता करायला लावणं हे सगळं 'परंपरा' म्हणून खपत राहिलं. विक्रीचं लक्ष्य चुकलं म्हणून प्रशिक्षणवर्गात सशाचे कान आणि सोंगाचा पोशाख घालायला लावलेल्या कर्मचारी स्त्रीला २०१३ मध्ये ओइताच्या जिल्हा न्यायालयाने २ लाख २० हजार येन भरपाई दिली. २०१९ मध्ये अधिकाराच्या जोरावर होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा झाला. तो जून २०२० पासून मोठ्या आणि एप्रिल २०२२ पासून लहान-मध्यम कंपन्यांना लागू झाला. मानसिक जाच आणि अवाजवी मागण्या आता छळात मोडतात आणि तक्रार ऐकण्याची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या डिसेंबरातच वर्षअखेरीची पार्टी चुकवणाऱ्या तरुणांची समाजमाध्यमांवर चर्चा रंगली होती. लगेच करोना आला आणि पार्ट्याच थांबल्या.

त्यानंतर परतलेल्या पार्ट्यांत दुपारचं जेवण, बिंगो, प्रश्नमंजुषा यांनाही जागा मिळाली. करामती उरल्या, पण त्या कशा उरल्या हे पाहण्यासारखं आहे. चांगला 'कान्जी', म्हणजे पार्टीची व्यवस्था पाहणारा, आधीच विचारतो की कोणाला हौस आहे. एकट्याला उभं न करता तिघाचौघांचा गट करतो, तीन मिनिटांच्या वर लांबवत नाही आणि पहिली करामत साहेबांना करायला लावतो. विभागप्रमुखाने नाकावर नाणं बांधलं की नवख्याच्या मनातली निम्मी भीती तिथेच जाते. ही शेवटची अट सर्वांत मोलाची. खालच्याने नाचायचं आणि वरच्याने बघायचं, अशा पार्टीत मानपान सुटत नाही, उलट तो घट्ट होतो.

टोकियोच्या निशिकासाई भागात भारतीय इंजिनिअरांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. जपानी कंपनीत रुजू झालेल्या मराठी मुलामुलींवरही ही फर्माइश येऊ शकते. दारू नको असेल तर ऊलाँग चहाच्या पेल्याने 'कानपाई' करता येतं, त्याला कोणी नाव ठेवत नाही. आणि करामत म्हणून सामानात दोन-चार लेझमी असाव्यात. भाषा लागत नाही, चार ठेके पाच मिनिटांत शिकवता येतात आणि पहिली लेझीम सरळ साहेबांच्या हातात देता येते.