जोडीतला आतला टायर

पुण्याहून सोलापूर, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नांदेडकडून बिदरमार्गे कलबुर्गी, विजयपूरकडे उतरणारा ५० क्रमांकाचा, हे दोन्ही हुमनाबादला एकमेकांना भेटतात. सेडम-वाडीचं सिमेंट, शहाबादची फरशी, कलबुर्गीची तूरडाळ या भागातून ट्रकनेही बाहेर पडते. ढाब्यावर गाडी टेकली की क्लिनर लोखंडी टॉमी घेऊन उतरतो आणि मागच्या टायरांवर एकेक ठोका देत जातो. हवा असलेला टायर टणकन वाजतो, बसलेला नुसता धप्प करतो. बाहेरचा टायर डोळ्यांनाही दिसतो. ठोका असतो तो आतल्यासाठी.

मागे दोन-दोन टायर लावायचे ते वजनासाठी. बस-ट्रकना सर्रास वापरल्या जाणाऱ्या २९५/८० आर २२.५ या मापाच्या टायरवर बहुधा १५२/१४८ असे आकडे असतात. पहिल्याचा अर्थ, टायर एकटा असेल तर ३,५५० किलो पेलेल. दुसऱ्याचा, जोडीत असेल तर ३,१५० किलो. जोडीतल्या टायरची ताकद कमी धरतात, कारण दोघांवर भार कधीच अगदी सारखा पडत नाही. शिवाय दोन टायरांमधल्या फटीत वारा खेळत नाही आणि ब्रेकची धगही तिथेच साठते.

या जोडीच्या जागी एकच रुंद टायर लावला तर? अमेरिकेत मिशेलिन कंपनीने २००० साली ‘एक्स वन’ हा असा टायर बाजारात आणला. तो लावल्यावर अठरा चाकांचा लांब ट्रेलर दहा चाकांवर धावतो. टायर आणि डिस्क कमी झाल्याने वजन घटतं, डिझेलही वाचतं. तिकडच्या मोटरहोमवाल्यांनाही, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांनाही, ही कल्पना भावली. वाळवंटात, डोंगरात जाणाऱ्या घरगाड्यांना तर सहाऐवजी चार रुंद टायर मुद्दाम लावतात. पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतूनच मागचं चाक जातं, त्यामुळे वाळूत गाडी कमी अडकते. दोन टायरांमध्ये दगड रुतून बसण्याची भीतीही राहत नाही. शहाबादच्या खाणींकडे जाणाऱ्या चालकाला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

जोडीचा आणखी एक त्रास असा की दोन्ही चाकं एकाच हबला आवळलेली असल्याने दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एक टायर नवा, दुसरा घासलेला आणि दोघांच्या व्यासात फक्त ६ मिलिमीटरचा फरक, असं धरू. दर फेऱ्याला हा फरक जवळपास १९ मिलिमीटर होतो. किलोमीटरभरात असा टायर तीनशेच्या वर फेरे घेतो, म्हणजे दर किलोमीटरला साडेपाच मीटरहून जास्त अंतर रबर नुसतं फरफटतं. सोलापूर ते हैदराबाद या तीनशे किलोमीटरमध्ये ही फरफट दीड किलोमीटरच्या पुढे जाते.

तरीही इकडच्या रस्त्यावर रुंद टायरचा हिशोब सहज जुळत नाही. ४४५/५० आर २२.५ मापाचा रुंद टायर ४,६२५ किलो पेलतो, जोडीतले दोन मिळून ६,३००. कायदाही टायर मोजतो. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. दोन टायरच्या एक्सलची मर्यादा त्याहून बरीच कमी आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने बंधन घातलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलं. म्हणजे गॅरेजमध्ये चार टायर उतरवून दोन चढवले की काम झालं, असं नाही. शिवाय रुंद चाकाची डिस्क हबच्या बाहेर सरकलेली असेल तर बेअरिंगवर ताण वाढतो, आणि अरुंद पट्ट्यावर एकवटलेला भार डांबरालाही जास्त दाबतो. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवरचे रस्ते आधीच नाजूक असतात.

सगळ्यात मोठा प्रश्न वाटेतल्या पंक्चरचा. जोडीतला एक टायर गेला तरी सावकाश, जपून जवळचं दुकान गाठता येतं. रुंद टायर एकटाच असतो; तो बसला की गाडी तिथेच उभी. त्या मापाची स्टेपनी सोबत नसेल तर आळंदच्या आडरस्त्यावर ती मिळायची कुठे?

अक्कलकोट, गाणगापूर करून बिदरचा किल्ला पाहायला निघालेली मिनीबस असो, की स्वयंपाकघर आणि बिछाने बसवलेली कॅराव्हॅन, तिच्या मालकाने आधी आहे त्या जोडीकडे पाहावं. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून घेतली की हवा तपासायचा कंटाळा येत नाही. हवा पहाटे, टायर थंड असतानाच मोजावी. टायरचं तापमान २० अंशांनी चढलं की ११० पौंड हवेचे ११८च्या आसपास होतात आणि आकडा फसवतो. बसलेला टायर टॉमीच्या ठोक्याने कळतो, पण दहा-पंधरा पौंड कमी असलेला कळत नाही. त्यासाठी गेजच लावावा लागतो.

वर्षातून मोजक्याच वेळा निघणाऱ्या घरगाडीचा टायर घासण्याआधी म्हातारा होतो. त्याच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. आतल्या टायरचे हे आकडे बहुधा आतल्याच बाजूला येतात. ते वाचायला टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागतं, आणि तिथे वाकलं की कडेला गेलेले बारीक तडे आणि फटीत अडकलेली खडीही दिसते.